एकादशीचा दूधभात

मु. राजेश्वर, माघ वद्य एकादशी, सायंकाळ

उपवासाने पत्नीच्या पोटातील कर्करोगाची गाठ उपाशी मरेल, अशी माझी श्रद्धा. म्हणून केमो चालू असतानाही तिची एकादशी मी मोडू दिली नाही.

कडगंचीच्या विद्यापीठात शिकणारी नात आज जवळ बसली. "अप्पा, कर्करोगाची पेशी उपाशी पडली की स्वतःचेच जुने तुकडे पचवून तगू शकते. ते काम चालू करायचं की बंद, ह्यात काही एन्झाइमांचा हात असतो. जनुकाचं अक्षर ते बदलत न्हाईत. तुम्ही पोथीचा रुमाल सोडता, बांधता, तसं जनुक उघडतात, मिटतात." मग हळूच म्हणाली, "गाठ मरेलच असं न्हाई. आज्जी मात्र वाळायलीय."

रोज पोथी उघडणाऱ्या मला पत्नीच्या सैल बांगड्या कशा दिसल्या नाहीत? व्रत तिचे होते, की हट्ट माझा?

दूधभात कालवून मीच पुढे केला.

"एकादशी हाय की. तुम्ही खाल्लात तर खाते."

जन्मात प्रथमच एकादशीला भात खाल्ला. मग तिने घास घेतला, तशी बांगडी कोपरापर्यंत घसरली. ती मनगटावर आणून मी धरून ठेवली, वाटी रिकामी होईपर्यंत.