सरप्लस की स्पेअर

४ जून

ती. ताईस, शि. सा. न.

मोठ्या पेचात सापडलोय. आमच्या पंपांच्या कारखान्यात नवे साहेब आलेत. भांडारातल्या जास्तीच्या प्रत्येक वस्तूला इंग्रजी चिठ्ठी लावा म्हणाले. मी भांडारपाल, इमानेइतबारे लावल्या. मग म्हणाले, माणसांनाही लावा. माझ्या गळ्यात ‘सरप्लस’ आलंय! सरप्लस माल महिनाअखेरीच्या लिलावात जातो, म्हणजे मीही जाणार. तुझी भावजय रडून अर्धी झालीये. तू जन्मभर इंग्रजी शिकवलंस, काहीतरी तोड काढ.

उलट टपाली लिही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा

८ जून

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

रडका कुठला! नीट वाच. ‘सरप्लस’ म्हणजे गरज भागून उरलेलं. ते विकताना कुणाला वाईट वाटत नाही. ‘एक्सेस’ म्हणजे प्रमाणाबाहेर गेलेलं, तुझ्या बडबडीसारखं. ‘सुपरफ्लुअस’ म्हणजे ज्याच्यावाचून काही अडत नाही असं; निवृत्त झाल्यापासून तुझे भाऊजी घरभर तसेच फिरतात. ‘स्पेअर’ मात्र मानाचा शब्द. आज काम नाही, पण अडीनडीला लागेल म्हणून जपून ठेवलेलं. तेवढा शब्द बदलून घे. तू विकला गेलास तर मी दुसरा भाऊ कुठून आणू?

भावजयीला धीर दे. आशीर्वाद आहेतच.

ताई

२९ जून

ती. ताईस, शि. सा. न.

तुझं पत्र साहेबांना वाचून दाखवलं, त्यांनी शब्द बदलला, वाचलो! पण स्पेअर फळीवर ठेवायचा असा नियम. त्यामुळे कामाचे सगळे तास मी तिसऱ्या फळीवर, वॉशरच्या खोक्यांशेजारी. जेवायचा डबासुद्धा शिडीवरून येतो. मग प्रश्न निघाला, मी नक्की कुणाचा स्पेअर? मापं घेतली. उंची, पोट, टक्कल, सगळं साहेबांशी जुळलं! तेव्हापासून साहेब शिंकले की सगळे माझ्याकडे बघायचे.

गेल्या आठवड्यात त्यांना ताप भरला. मला खाली उतरवलं, पुसलं आणि त्यांच्या खुर्चीत बसवलं. आज ते ठणठणीत होऊन आले. खुर्ची एक, माणसं दोन! खुर्चीत मी, म्हणून चिठ्ठी साहेबांना लावायची ठरली आणि ती लिहायचं काम माझंच. सगळे म्हणाले, सरप्लस लिही, उद्याच लिलाव आहे. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात आलं होतं. पण साहेबांनी चिठ्ठीसाठी आपणहून मान पुढे केली गं. मी ‘स्पेअर’ लिहिलं आणि फळीवर एक उशी टाकून आलो. तिथे पाठ फार धरते.

माया आहे ती वाढू दे. जास्त झाली तरी चालेल.

तुझा धाकटा