भाचीने आणलेलं दुखणं

३ मार्च, मंगळवार

आजपासून रोजनिशी. उद्देश: माझ्यासारख्याचे विचार वाया जाऊ नयेत. वाचणारं कुणी नाही, तेच बरं. लोकांची लायकी मी बावीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागून बघतोय.

आजचं निरीक्षण: लोक मनाने गोळ्या खातात आणि डॉक्टरपासून लपवतात. गाढवं. मी औषधं विकतो, घेत नाही.

धाकटी बहीण मुलीला घेऊन राहायला आली आहे. तिच्या बाथरूमची फरशी उखडली आहे. भाची चार वर्षांची, अंगात ताप, तळहातावर आणि तोंडात फोड. शाळेतून आणलंय म्हणे. हल्ली शाळेतून मुलं एवढंच घेऊन येतात. बायको आणि बहीण, दोघींचं एकच: व्हायरल आहे, जाईल. मेडिकल कुणाचं? माझं. विचारलं कुणी? नाही.

खोकी उचलून कंबर धरली. एक आयबुप्रोफेन टाकली.

संध्याकाळी. थंडी वाजून ताप. डोकं ठणकतंय. भाची दुपारी मांडीवर बसून माझ्याच ग्लासातून पाणी प्यायली होती. सगळं स्पष्ट आहे.

४ मार्च

डोकं फुटायला आलंय. उजेड सहन होत नाही. पडदे ओढायला लावले. बायको अंधारात स्टुलाला अडखळली आणि मलाच बोलली. दोनदा उलटी. मान लाकडाची झाली आहे, चप्पल बघायची तर कमरेतून वाकावं लागतं.

डोकेदुखीवर आणखी एक गोळी. तासाभरात दुप्पट दुखायला लागलं. विषाणू किती जहाल आहे बघा.

बायको म्हणते हॉस्पिटलात चला. डॉक्टरांचं अक्षर मीच लावतो, मला ते काय शिकवणार? मात्र बेसिनपर्यंत जाताना भिंत धरावी लागली. तेव्हा जायचं ठरवलं. पेशंट म्हणून नाही, जाणकार म्हणून.

६ मार्च

वॉर्ड. खिडकीशेजारची खाट, म्हणजे नेमका डोळ्यांवर उजेड.

डॉक्टर म्हणून एक पोनीटेल आली. माझ्या मेडिकलचं वय तिच्याहून जास्त असेल. म्हणाली हनुवटी छातीला लावा. लागली नाही. यात माझं काय चुकलं? मग पाठीत सुई घालून मणक्यातलं पाणी काढलं. मी ओरडलो नाही. शेजारच्या खाटेवरचे गुडघेवाले आजोबा म्हणतात ओरडलो.

पोनीटेलने विचारलं, रोजची औषधं काही? म्हटलं, एकही नाही. अधूनमधून? नाही. अभिमानाने सांगितलं.

निकाल: पाण्यात पेशी वाढलेल्या, साखर ठीक, जंतू नाहीत. याला म्हणे अ‍ॅसेप्टिक मेनिंजायटिस. मेंदूवरच्या आवरणाला सूज, पण नेहमीचे जंतू काही सापडत नाहीत. बहुतेकदा विषाणू, कधी दुसरे आजार, कधी... पुढचं ऐकून घ्यायची गरज नव्हती. मी मध्येच म्हणालो, विषाणू माझ्या घरात राहतो, चार वर्षांचा आहे, फ्रॉक घालतो. पोनीटेल हसली नाही. या लोकांना विनोद कळत नाही.

८ मार्च

ताप गेला. मान वळते. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात, ते इतरांचं. माझं आलं तसंच गेलं. तब्येतच तशी.

बहीण सूप घेऊन आली, सोबत भाची. माझ्या खाटेकडे धावत यायला लागली. तेवढ्यात मी सगळ्या वॉर्डासमोर स्पष्ट सांगून टाकलं. "हिच्यामुळे मी इथे पडलोय. हिला घेऊन माझ्या घरात पाऊल टाकू नकोस."

बहिणीने थर्मास टेबलावर ठेवला आणि मुलीचा हात धरून गेली. खरं झोंबतं.

१० मार्च

घरी. बहीण सामान घेऊन तिच्या उखडलेल्या फरशीवर राहायला गेली आहे. मी दाराच्या कड्या, नळ, रिमोट सगळं पुसायला लावलं. भाचीचा कापडी ससा गरम पाण्यात उकळायला सांगितला. बायकोने उकळला. मग तो दोरीवर कानांना चिमटे लावून वाळत घातला आणि माझ्याकडे बघत राहिली. बायका शास्त्रात भावना आणतात.

१२ मार्च

मेडिकल उघडलं. एका गिऱ्हाइकाला झापलं. डॉक्टरला न विचारता गोळी मागत होता.

हॉस्पिटलच्या गादीने कमरेची वाट लावली आहे. एक आयबुप्रोफेन.

दुपारी. पुन्हा! थंडी, ताप, डोकं, मान. या वेळी तर दीड तासही लागला नाही. शटर अर्धवट ओढून घरी.

कारण शोधलं. फ्रिजवर भाचीने काढलेलं चित्र तसंच राहिलं होतं. त्यात मी आहे, हात लांब आणि डोकं मोठं. डोकं बरोबर आलंय. चित्र फाडलं. बहिणीला फोन करून सांगितलं की तुझ्या मुलीचे विषाणू कागदावरही जगतात. ती म्हणाली, दादा, ती चार दिवस तुझ्याजवळ फिरकलेलीसुद्धा नाही. आणि फोन ठेवला. नाचता येईना अंगण वाकडं.

१३ मार्च

तोच वॉर्ड, तीच सुई, तीच पोनीटेल. आता तिला शंका आहेत. म्हणते, विषाणूला अंगात मुरायला काही दिवस लागतात, तुम्ही सकाळी धडधाकट आणि दुपारी आजारी कसे? आणि तोच विषाणू इतक्यात परत कसा येईल? गेल्या वेळच्या पाण्यात शोधूनही तो सापडला नाही म्हणे. मग विचारलं, ताप येण्याआधी काय काय घेतलंत? म्हटलं, चहा. पुन्हा विचारलं. म्हटलं, मुली, मी औषधाच्या धंद्यात आहे, घेतलं असतं तर मला कळलं नसतं का? कानामागून आली आणि तिखट झाली.

१५ मार्च

एकदम ठणठणीत. पोनीटेल म्हणते एक दिवस थांबा. थांबतो. तिला शिकायला मिळेल.

गुडघेवाले आजोबा सकाळपासून कण्हत होते. नर्सला तीनदा हाक मारून झाली. शेवटी मी माझ्या चष्म्याच्या केसमधली आयबुप्रोफेनची पट्टी काढली. एक त्यांना, एक माझ्या कमरेला. त्यांना समजावलं की मनाने औषधं घेणं हा मूर्खपणा आहे, पण हे औषध नाही, काउंटरवरचा सुटा माल आहे. औषध म्हणजे जे चिठ्ठीवर लिहून येतं ते.

१६ मार्च

काल पुढचं लिहिता आलं नाही. कुडकुडत होतो. अर्ध्या तासात मान गेली, उजेड गेला, सगळं गेलं. आजोबा मात्र गुडघा हलवत पेपर वाचत होते.

पोनीटेलने त्यांना विचारलं, काकांनी काही खाल्लं का? म्हाताऱ्याने पोटात काही ठेवलं नाही. माझी पट्टी उचलून दाखवली. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

पोनीटेल खाटेच्या कडेला बसली. आवाज चढवला नाही, हेच जास्त लागलं. "काका, हे औषध नाही तर काय आहे?"

मग तिने सांगितलं. काही माणसांचं शरीर या साध्या गोळीवरच उलटतं. वर्षानुवर्षं चालते आणि एक दिवस चालेनाशी होते. तीच डोकेदुखी, तोच ताप, तीच ताठलेली मान, आणि दर खेपेला लवकर. गोळी बंद की दुखणं बंद. या घराण्यातली वेदनाशामक गोळी आता जन्मात घ्यायची नाही, दुसरी कुठलीही विचारल्याशिवाय नाही. म्हटलं, आणि भाची? म्हणाली, तिचा यात काही संबंध नाही.

मी म्हणालो, असं दुर्मीळ दुखणं सगळ्यांना होत नाही. तिने तेही कबूल केलं.

१८ मार्च

घरी. मोठ्या मनाने बहिणीला फोन करायचं ठरवलं. मुद्दे: एक, गैरसमज दोन्हीकडून झाला. दोन, त्या वेळची माहिती बघता माझा अंदाज योग्यच होता. तीन, ती परत राहायला येऊ शकते, मी मनात काही ठेवलेलं नाही.

पहिल्याच मुद्द्याला तिने अडवलं. भांडली नाही. म्हणाली, शाळेतून बाईंचा फोन आला होता. रांगेत सगळी मुलं हात धरतात, ही धरत नाही. हात फ्रॉकच्या खिशात घालून उभी असते. घरी पाणी वेगळ्या ग्लासातून पिते आणि ग्लास स्वतः धुऊन ठेवते. काल झोपताना आईला म्हणाली, माझ्याजवळ नको झोपूस, मामासारखं होईल.

दुसरा आणि तिसरा मुद्दा बोललो नाही.

१९ मार्च

मेडिकल बंद ठेवून बहिणीकडे गेलो. बाथरूमची फरशी अजून तशीच, दारात सिमेंटची पोती. भाची दाराआड उभी, हात मागे. मला बघून दोन पावलं मागे सरकली. माझ्यासाठी.

खाली फरशीवर बसलो. म्हटलं, तुझ्यामुळे काही झालं नव्हतं. मामाने एक गोळी खाल्ली, तिने झालं. परत खाल्ली, परत झालं.

तिने बराच विचार केला. मग विचारलं, "मग कुणी सांगितली होती खायला?"

म्हटलं, कुणी नाही.

"आणि तू सगळ्यांना माझं नाव सांगितलंस?"

हो म्हणालो. मी हात पुढे केला. तिने आधी आईकडे बघितलं, धरू का म्हणून.