कुरुंदवाडच्या तटावरचा आण्णा

मंगळवार, मे २००६

माझं माहेर उद्या पडणार. खरं न्हवं, नातीच्या कॉम्प्युटरवरचं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजांच्या लढाईचा खेळ हाय. शीतलनं त्यात फेरफार करून एका गावाला कुरुंदवाड नाव घातलं आणि ते माझ्या हाती दिलं. काय आनंद झालेला मला! मी तट बांधला, विहिरी खणल्या. तटावर भाला घेऊन एकजण उभा असतोय. थोरल्या भावागत दिसतो, म्हणून मी त्याला आण्णा म्हणते.

परवा शेजारच्या राजाचा दूत आला. आमच्या सैन्याला तुमच्या गावातनं वाट द्या म्हणाला. दारात आलेल्या पावण्याला न्हाय कसं म्हणायचं? मी 'व्हय' दाबलं. त्याच सैन्यानं वेढा घातला. आता धान्य खेळातल्या एका पाळीपुरतं उरलंय.

शीतल ओरडली, "आज्जे, कुणालाबी घरात घेतीस! जुना डाव साठवलाय, तिथनं खेळ परत. आणि न्हाय म्हण की त्याला!"

तो डाव उघडला. दूत परत दारात उभा. लांबनं आलेला, बिचारा. काय करू? माझं बोट परत 'व्हय'वरच गेलं. शीतलनं कपाळाला हात लावला.

परत वेढा, परत तेच. आण्णा उपाशीपोटी तटावर उभाच हाय. त्याला कुणी सांगायचं, दार मीच उघडलं म्हणून?