थॉर्नकॉटमधली शिस्त

३ फेब्रुवारी १९७५, सोमवार. सकाळी ६.१०
संकल्प : महिनाभरात थॉर्नकॉट मोटर्स वाचवायची. साहेब लोकांनी हात टेकलेत, पण शेवटच्या तपासणीला एकतीस वर्षं मी उभा आहे, ते नाहीत. एके काळी आमच्या बॅरोनेट गाडीसाठी लोक दोन-दोन वर्षं थांबायचे. आता म्हणतात, तेल गळतं. अरे, गळतं म्हणजे आत तेल आहे!

त्याच दिवशी, संध्याकाळी
गळतीचं मूळ सापडलं : चहा. भोंगा झाला की बोल्ट अर्धवट पिळून सगळे किटलीकडे पळतात.

४ फेब्रुवारी
किटली जप्त. माझ्या कपाटात, कुलपात. युनियनचा विल्फ हॅडली म्हणाला, सायरिल, लेका, आमच्या पगाराला हात लावला असतास तरी एक वेळ चाललं असतं, किटलीला लावायला नको होतास. मी किल्ली खिशात टाकली. अशांच्या तोंडी लागू नये.

६ फेब्रुवारी
चमत्कार! कारखान्यात चिडीचूप. मी दिसलो की गप्पा बंद, गुड मॉर्निंगसुद्धा नाही. एकतीस वर्षांत असा वचक कुणी बसवला नव्हता.

७ फेब्रुवारी
म्युरियल म्हणते, वचक कसला डोंबलाचा, तुला कॉव्हेंट्रीला धाडलंय त्यांनी, म्हणजे वाळीत टाकलंय! मी शांतपणे म्हटलं, आपण राहतोच कॉव्हेंट्रीत, मग धाडणार कुठे? लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी हिचा भूगोल कच्चा तो कच्चाच.

१४ फेब्रुवारी
बारा गाड्या तपासल्या. अकरा गळतात. बारावीत तेल भरायचंच राहिलं होतं. विचारलं, कुणाचं काम? कुणी बोलेना. तात्पुरता उपाय : प्रत्येक गाडीखाली पुठ्ठा. दिसायला नीटनेटकं दिसतं.

२१ फेब्रुवारी
माझी स्वतःची बॅरोनेट चालू होईना. थंडीमुळे. शेजारच्या मिस्टर पेगने आपल्या जपानी गाडीतून कारखान्यावर सोडलं. आत छान ऊब होती, म्हणून तत्त्वासाठी काच खाली करून बसलो. सर्दी झाली.

७ मार्च, शुक्रवार
तीन वाजता सगळे कँटीनमध्ये गेले, साहेब लोकसुद्धा. चहाच, दुसरं काय! मी एकटा जागेवरून हललो नाही. चारला परत आले. विल्फचे डोळे लाल, हातात हत्यारांची पेटी. माझ्यापाशी थांबला, तोंड उघडलं, मिटलं, गेला. पश्चात्ताप. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. सोमवारी किटली परत देणार. मन मोठं असावं. घासायला घरी आणली आहे.

१० मार्च, सोमवार
किटली चकचकीत. बसने गेलो. फाटकाला साखळी. दरवान ट्रँटर आत बेकन सँडविच खात होता. म्हणाला, शुक्रवारी कँटीनमध्ये सांगितलं की, कंपनी बंद पडली म्हणून. तुला कुणीच नाही सांगितलं? मग म्हणाला, ती किटली का? आण इकडे. गजांमधून जाईना, म्हणून त्याने साखळी सोडली, किटली घेतली, साखळी लावली. चौतीस दिवसांनी कारखान्यातलं कुणीतरी माझ्याशी बोललं. म्हणजे बहिष्कार मोडला.

घरी आलो. म्युरियलला शुक्रवारीच कळलं होतं, विल्फच्या बायकोकडून. तरी सकाळी डबा नेहमीसारखा भरून दिला होता.
विचारलं, मला का नाही सांगितलंस?
ती उठून चहा ठेवायला गेली.