घुमटातली तिसरी जागा

रविवार, १६ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. 'तीर्थस्वरूप' लिहायला घेतलं होतं, हात वळला नाही म्हणून खोडलं. कागद तोच वापरतोय, खाडाखोड दिसली तर दिसू दे. मी बरा आहे. खोकला गेला. तुम्ही दोघं सुखरूप पोचल्याचं बाबांचं कार्ड मिळालं. आईला सांग, तिने पाठवलेला स्वेटर मापात बसतो. झालं, कुशल संपलं.

बसच्या पायरीवर उभा राहून तू म्हणालास, "महिनाअखेरपर्यंत विचार कर आणि पत्राने कळव. बाबांनी प्राचार्यांशी बोलून ठेवलंय, तिसऱ्या वर्षाला पुन्हा बसता येईल. तुझी खोली आहे तशीच ठेवलीय." म्हणजे बादशाही राजधानी बघायची होती वगैरे सगळी बतावणी. मला गोळा करून न्यायला आला होतात. आणि तेही बायकोला बरोबर घेऊन! तिला माझ्यासमोर मिरवायची एवढी हौस होती तर लग्नाचा अल्बम पोस्टाने धाडायचास, दगदग तरी वाचली असती.

मी किल्ल्याच्या दरवाज्यात हसत उभा होतो, त्यावर जाऊ नकोस. छातीवर गाईडचा बिल्ला लावला की ते हसू आपोआप येतं, धंद्यातलं आहे. तुमच्यासाठी काढलेलं नव्हतं.

दिवसभर तू काय केलंस आठवतंय? बांधकाम खात्यात काय लागलास, दरबार महालापासून हमामखान्यापर्यंत प्रत्येक भिंतीवर बोटाने टकटक करून "चुना पक्का आहे" म्हणत सुटलास. पाचशे वर्षं उभी असलेली भिंत बिचारी तुझ्या दाखल्यासाठी ताटकळली होती! सिंहासनाच्या चौथऱ्यापुढे लोक गप्प होतात. तू म्हणालास, "इथे पाणी मुरतंय." आणि ती मान डोलवत होती. कॉलेजात प्राध्यापकांनाही उलट उत्तर देणारी मुलगी, तुझ्या ओल्या भिंतींना मान डोलवत होती.

कैदखान्याच्या बुरुजात मी सांगितलेली गोष्ट तुझ्यासाठीच होती. धाकट्या शहजाद्याने एका सरदाराच्या मुलीला मागणी घालायला विश्वासाने मोठ्या भावाला पाठवलं, मोठ्याने तिच्याशी स्वतःच लग्न लावलं आणि धाकट्याला इथे कोंडलं. तू हातातलं माहितीपुस्तक चाळून म्हणालास, "यात तर इथे दारूगोळा ठेवायचे असं लिहिलंय."

"पुस्तकं मोठे भाऊच लिहून घेतात," मी म्हटलं.

ती हसली. तू नाही हसलास. मला बरं वाटलं.

आता उघडच लिहितो. दोन वर्षांपूर्वी मी तुझे पाय धरले होते. ती माझ्या वर्गातली, तिच्यासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटायची. एरवी कुणाच्याही अंगावर धावून जाणारा मी, तिच्यासमोर मुका. म्हटलं, दादा, तू मोठा, तुझ्या शब्दाला वजन आहे, तिच्या घरी जाऊन माझ्यासाठी शब्द टाक. बोक्याला दुधाची राखण दिली. तू गेलास, चहा प्यायलास, पुन्हा गेलास, आणि एक दिवस येऊन सांगितलंस की ठरलं. माझं नाही, तुझं! त्याच आठवड्यात मी कॉलेज सोडलं. लोक म्हणतात अभ्यास झेपला नाही. म्हणू देत.

तेव्हापासून मी तुझ्यावर जगतोय. म्हणजे तुझ्यावरच्या रागावर. सकाळी उठलो की तो असतो, मग दात घासतो.

घुमटाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण पत्र इथवर आलं ते त्याच्याच भोवती घिरट्या घालत.

मोठ्या मकबऱ्याच्या घुमटात आतून गोल सज्जा आहे. तुला मी पश्चिमेला उभं केलं, तिला समोर पूर्वेला. म्हटलं, भिंतीला तोंड लावून कुजबुजा, पलीकडे कानात बोलल्यासारखं ऐकू येतं. मी जिन्यात थांबतो, तुम्ही बोला मोकळेपणी.

मी जिन्यात थांबलो नाही.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुला माहीत नाही. आवाज सज्ज्याच्या भिंतीला धरून फिरत जातो. त्यामुळे मधे भिंतीला टेकून जो उभा असेल त्याला दोन्हीकडचं ऐकू येतं. जिन्याच्या तोंडाशी एक कोनाडा आहे, तिथे उभं राहिलेला माणूस दोन्ही बाजूंनी दिसत नाही. सगळे गाईड त्याला 'तिसरी जागा' म्हणतात. आमच्यातला सगळ्यात जुना, ज्याला आम्ही तोफ म्हणतो, त्याने मला पहिल्या आठवड्यात ती दाखवली. जोडप्यांचं बोलणं तिथे ऐकायचं आणि खाली उतरल्यावर "साहेब, तुमच्या मनात घर बदलायचं चाललंय" असं म्हणून चकित करायचं. तोफने बजावलं होतं, "परक्यांचं ऐक. घरच्यांना आणशील तेव्हा खाली थांब. कान भाजतील."

मी थांबलो नाही. मुद्दाम उभा राहिलो. चोरून ऐकलं आणि त्याची माफी मागत नाही. मला वाटलं होतं, ती काहीतरी बोलेल. चुकलं म्हणेल. निदान माझा विषय निघाल्यावर तिचा आवाज जरा हलेल.

तू विचारलंस, "दमलीस का?"

ती म्हणाली, "अहो, त्याला आता सांगून टाका ना. किती दिवस तुम्ही वाईट होऊन राहणार?"

"काय सांगू?"

"खरं ते. तुम्ही त्याचंच मागणं घेऊन आला होता आणि मीच नाही म्हटलं. मला त्याची भीती वाटायची. रोज कुणाची तरी कॉलर धरलेली असायची. आपलं जमलं ते नंतर."

भिंतीवर तुझ्या बोटाची टकटक ऐकू आली. मग म्हणालास, "राहू दे. नकार त्याला सोसवणार नाही. माझ्यावर चिडलाय तोवर निदान ताठ उभा तरी आहे. आईसुद्धा हेच म्हणते."

मग तुम्ही दोघं हसत माझ्याकडे आलात आणि तू माझ्या पाठीवर थाप मारलीस. "कमाल आहे हां घुमटाची!"

तुला वाटत असेल, हे वाचून मी विरघळीन. धावत येईन, पाय धरीन, केवढा थोर माझा दादा म्हणून डोळे पुशीन. गैरसमज आहे. घुमटात जाईपर्यंत माझा तुझ्यावर राग होता. आता संताप आहे. तो राग बरोबर घेऊन मी कदाचित आलोही असतो, कारण चोराच्या घरात ताठ मानेने राहता येतं. पण आता त्या घरात काय आहे? सगळ्यांना सगळं माहीत. मी ताटावरून उठून गेलो तरी आई रागवायची नाही, ते प्रेम नव्हतं, कीव होती. बाबा माझ्यासमोर तुला मुद्दाम टाकून बोलायचे. आणि तू खाली मान घालून माझ्या शिव्या खायचास, आजारी पोराला औषध पाजावं तशा! दोन वर्षं मी एका पुतळ्याला दगड मारत होतो आणि पुतळा मनातल्या मनात म्हणत होता, मार बाळा, तुला बरं वाटेल.

कोणी सांगितलं होतं मोठं व्हायला?

भीती वाटायची म्हणे. माझी! मी तिला एक वाकडा शब्द बोललो नाही. तिला बोललो नाही, बाकी सगळ्यांना बोललो, हे खरं. हे पत्र वाचून ती "बघा, मी म्हणत नव्हते?" म्हणेल, तेही खरं. म्हणू दे. पण ते तिने मला म्हणायला हवं होतं, तोंडावर, दोन वर्षांपूर्वी. मी भिंतीवर डोकं आपटलं असतं, चार दिवस जेवलो नसतो, आणि मग कदाचित परीक्षेला बसलो असतो. तिचा होकार तुझा, त्यावर माझा हक्क नाही, इतकं मला कळतं. पण नकार तर माझा होता ना, दादा? तोही तू स्वतःकडे ठेवून घेतलास.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: येत नाही. प्राचार्यांना बाबांनी तसं कळवावं. खोलीतली पुस्तकं रद्दीत द्या आणि पलंग पाहुण्यांसाठी वापरा. तू उत्तर लिहू नकोस, तुझी समजूतदार अक्षरं मला आता बघवणार नाहीत, न फोडता परत पाठवीन. लिहायचं असेल तर तिने लिहावं. ख्यालीखुशाली नको, सॉरी नको, 'भावजी' तर मुळीच नको. तिने मला जे सांगायला हवं होतं तेवढंच, तिच्या हाताने, माझ्या नावावर.

ते आल्याशिवाय माझ्याकडून काहीही येणार नाही.

नकाराची वाट बघत असलेला,
तुझा धाकटा