एकोणतीसचा चांद

अब्बा, आपण घरात कधी मराठीत बोललो नाही. भांडलो तेसुद्धा दखनीत. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं फळ्यापुढं उभं राहून माझा हात आता मराठीतच चालतो. शिवाय जे सांगायचंय ते दखनीत लिहायला घेतलं की मी पुन्हा दहा वर्षांची होते आणि खोटं बोलायला लागते. म्हणून मराठीत लिहितेय. समजून घ्या.

उमरग्यात हायवेच्या अलीकडं दोन खोल्यांत मी एकटी राहते. लेक हैदराबादला. तिचे अब्बा जाऊन सहा वर्षं झाली. शाळा सुटली की घरी येऊन चहा करायचा, कप विसळायचा आणि गच्चीवर जायचं, एवढाच उद्योग. यंदा वर्गात चंद्राच्या कला शिकवायच्या होत्या, म्हणून शाळेतल्या एका तरुण सरांनी माझ्या मोबाईलवर चंद्राचं ॲप टाकून दिलं. पोरांना दाखवून झालं, धडा संपला, पण वेड मलाच लागलं. दोन बोटांनी चंद्र ओढून मोठा करायचा, खड्ड्यांची नावं वाचायची. तिथल्या काळ्या सपाट जागांना समुद्र म्हणतात, अब्बा. पाण्याचा टिपूस नाही आणि म्हणे समुद्र! दिशा चुकायला लागली की मोबाईल हातात धरून हवेत आठचा आकडा काढायचा असतो, म्हणजे तो ताळ्यावर येतो. परवा मी तसा फिरवत होते, तर खालच्या मजल्यावरची अक्का कपडे काढायला वर आली आणि म्हणाली, "काय वं टीचर, मोबाईलची दृष्ट काढायलाव का?" मी हसले. नंतर लक्षात आलं, त्या दिवशी शाळेबाहेर माझ्याशी बोललेलं ते पहिलंच माणूस होतं.

आभाळात चंद्र नसला तरी हे ॲप त्याला हुडकून काढतं. ढगाआड असला तरी दाखवतं, मावळलेला असला तर मोबाईल फरशीकडं धरायचा, पायाखाली सापडतो. हसू नका. संध्याकाळी सातला कुणाशी तरी बोलावंसं लई वाटतं आणि घरात कुकरशिवाय कुणी बोलत नाही. आणि त्यात तारीख मागं नेता येते. माझ्या लग्नाच्या दिवशीचा चंद्र बघितला. तुम्ही गेलात त्या दिवशीचा बघितला. मग बोट आपसूक अजून मागं गेलं. ती तारीख मला पक्की ठाऊक आहे, कारण आपल्या मोहल्ल्यानं त्या वर्षी ईद केली आणि तिसऱ्या दिवशी धाकटा भाऊ जन्मला.

आपलं मुरुम गाव. रमजानचा एकोणतिसावा रोजा. पावसाळी दिवस, आभाळ निम्मं झाकलेलं. दुकानात ईदच्या कपड्यांची ही गर्दी, तरी तुम्ही शिलाईचं मशीन थांबवून घरी आलाय. खजूर तोंडात आहे तोवरच मी शिडी चढून माळवदावर. गेली तीन वर्षं समोरच्या माळवदावरच्या पोरीलाच पहिला चांद दिसायचा आणि आठ-आठ दिवस ती टेंभा मिरवायची. यंदा मी ठरवूनच आलेय. तुम्ही मागून येताय, चष्मा सदऱ्याला पुसताय, आणि मी ओरडते, "अब्बा, दिख्या! वो देखो, लिंबाके ऊपर!" मला काही म्हणजे काही दिसलेलं नाही. लिंब आहे, वर ढग आहे, बस्स. तुम्ही चष्मा चढवून आभाळ धुंडता. बराच वेळ. मग म्हणता, "दिख्या. मेरेकू भी दिख्या." आणि चप्पल घालून थेट मशिदीत.

ईदचा चांद जाहीर करायला दोघांची साक्ष लागते. एक तुमची झाली. दुसरी तुमच्या दुकानाशेजारच्या किराणावाल्या चाचांची. माझ्या आरडाओरड्यानं तेही त्यांच्या माळवदावर आले होते. रात्रीत शीरखुर्म्याचं दूध तापलं. सकाळी नमाज झाली, गळाभेटी झाल्या. आणि दुपारी उमरग्याहून एसटी आली, तेव्हा कळलं की तिथं सगळ्यांचा रोजा आहे. नळदुर्गलाही चांद दिसला नव्हता, कुठंच दिसला नव्हता. चाचा तिथल्या तिथं फिरले. म्हणाले, "टेलरसाब बोले म्हणून मी बोललो. मला कुठं धड दिसायलंय?" मोडलेला एक रोजा भरून काढा, असं सगळ्यांना सांगण्यात आलं. सगळ्यांनी भरला. तुम्ही नाही. "मैं देख्या. मैं कायकू रखूँ?" एवढंच तुमचं म्हणणं. लोक तोंडावर म्हणायचे, टेलरसाब, चष्म्याचा नंबर बदला. पाठीमागं त्याहून वाईट बोलायचे. त्यानंतर तुमची साक्ष कुणी घेतली नाही. तुम्ही दरसाल माळवदावर जायचात, खाली यायचात आणि दिसला का विचारलं तर म्हणायचात, "बोलनेवाले बोलेंगे."

माझ्यावर मात्र कुणी बोट ठेवलं नाही. लेकराला दिसला असेल, तिची नजर तेज, बापाला कुठला दिसतोय, पोरीच्या मायेपोटी हौ म्हणाला, अशी ती गोष्ट गावात मुरली. घरातसुद्धा. मी खरी ठरले आणि तुम्ही खोटे. मी अम्मीला पोट दुखतंय सांगून एक रोजा गुपचूप धरला आणि फिटंफाट झाली असं मानलं.

मीही हेच मानत आले, अब्बा, की तुम्हाला काही दिसलं नव्हतं आणि तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. त्याचं मला आधी लई अप्रूप वाटायचं. नंतर त्याचं हत्यार केलं. डी.एड.ला असताना मैत्रिणींबरोबर नळदुर्गचा किल्ला बघायला गेले आणि घरी सांगितलं की जादा तास होता. तुम्हाला कळलं. दुकानात डबा द्यायला आले तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "बाकी कुछ भी कर, झूट नको बोल." समोर दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यापुढं ते मला सोसवेना. मी म्हटलं, "आणि तुम्हाला तरी चांद कुठं दिसला होता?" हे मात्र मी मुद्दाम मराठीत म्हटलं, गिऱ्हाइकांना कळावं म्हणून. तुम्ही खडू खाली ठेवलात. म्हणालात, "तेरेकू क्या दिख्या वो तेरेकू मालूम. मेरेकू दिख्या सो मैं बोल्या." आणि पुन्हा कापडावर वाकलात. मला वाटलं, मी जिंकले. वरून काय तर, म्हातारा हट्टी आहे.

तर परवा गच्चीवर मी ॲपमध्ये मुरुम घातलं, ती तारीख घातली आणि वेळ पुढं सरकवत गेले. सूर्य बुडाला. चंद्र वरच होता. बारीक, कापलेल्या नखाएवढा, पण होता. चांगला अर्धा-पाऊण तास होता. मी दाखवला तिथं, उजवीकडं लिंबावर, नव्हताच. डावीकडं, बराच खाली होता. मी तीन वेळा ॲप बंद करून उघडलं. त्या संध्याकाळी तिथं ढग होता की फट होती, ते ॲपला ठाऊक नसतं. पण तेवढ्यात मला काय आठवलं सांगू? तुम्ही माझी हनुवटी धरून तोंड डावीकडं वळवलं होतं. "वहाँ नै रे, इधर देख." मी बघितलंच नाही. मी शिडी उतरून समोरच्या पोरीला सांगायला पळाले होते.

तुम्ही जाईपर्यंत खरं तुम्हाला एकट्याला माहीत होतं आणि त्यातली पंधरा-सोळा वर्षं तुम्ही माझ्यासोबत एका घरात काढलीत. मी खोटं बोलले हेही तुम्हाला त्याच क्षणी कळलं असणार. लिंबावर काही नाही, हे ज्याला खरा दिसला त्याला कळणारच की! तरी तुम्ही कुणापाशी माझं नाव घेतलं नाहीत. चीड येते हो मला. माझी येते, तुमचीही येते. एकदा कान धरून विचारायचं होतं. मी सांगितलं असतं. बहुतेक.

मग मी धाकट्याला सोलापूरला फोन लावला. म्हटलं, ऐक, अब्बाचा चांद खरा होता, मी आत्ता बघितला. त्याला पटवायला दहा मिनिटं गेली. मग तो एवढा खूश झाला, एवढा खूश झाला की विचारू नका. "आपा, मतलब तेरेकू सच्ची दिख्या था! तेरी नजरच तेज. अब्बाने तेरेपे भरोसा किया वो सही किया!" मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तो तिकडं बायकोला, पोरांना ओरडून सांगायला लागला, फुफीला चांद दिसला होता, फुफी खरी होती. पोरं टाळ्या पिटत होती. किती दिवसांनी माझ्या फोनमध्ये एवढी माणसं एकदम बोलत होती. सगळ्यात धाकटी फोनवर आली आणि तिनं विचारलं, "फुफी, सबसे पैले आपकूच दिख्या था ना?"

मी हौ म्हणाले, अब्बा.