डोंगर पाडण्याचं प्रकरण

रोम, जून महिन्याची पहिली तारीख

दोइडेनाताईस धाकट्या पिंटायसचा नमस्कार.

तू बरी असशील तर छान. मी बरा आहे.

सैन्याला घोडे पुरवणाऱ्या माणसाकडून तुझा निरोप मिळाला. आईचा खोकला कमी झाला, बरं झालं. इथे उकाडा सुरू झाला आहे. मालकांनी मला गुलामीतून मुक्त केलं, पण काम तेच आहे. ते जेवताना मी वाचतो, ते सांगतील तेवढं दुसरा लेखनिक उतरवून घेतो. जगातली प्रत्येक वस्तू एका ग्रंथात आणून तो सीझरला अर्पण करायचा आहे.

त्या ग्रंथात बुतियसचं नाव यावं, असं आई म्हणते. सगळं जग त्यात आहे, तर आपला भाऊही असेल, असं तिला वाटणारच.

परवा आपल्या अस्तुरी मुलखाचं प्रकरण पुरं झालं. आधी सोनं, मग घोडे, मग जवसाचं कापड. इथे ज्याला जशी किंमत, तसा क्रम. सोन्यासाठी डोंगर आतून पोखरतात, टेहळ्या वरून ओरडतो, माणसं बाहेर पळतात आणि डोंगर कोसळतो. पर्वतही सीझरची आज्ञा पाळतात, असा शेवट आहे. चांगलं लिहिलं आहे.

सगळी माणसं बाहेर येत नाहीत, एवढं एक वाक्य घालता येईल का, असं मी मालकांना विचारलं. भाऊ आतच राहिला, हेही सांगितलं. ते रागावले नाहीत. आपला वाईनचा प्याला माझ्याकडे सरकवला.

"पिंटायस, बाबा रे, मेलेल्यांना जागा दिली तर डोंगर कुठे मावतील? सीझरने काय मिळवलं, ते यात यायचं." मग म्हणाले, "आणि बुतियस हे काय नाव झालं? आपल्या जिभेवर बसतसुद्धा नाही."

'आपल्या' म्हणाले. मी मान डोलावली.

काल ते प्रकरण पाहुण्यांसमोर मीच वाचलं. एकजण म्हणाला, "काय हो, हा तुमचा अस्तुरी डोंगरातून आला की डोंगरच घेऊन आला? आवाज बघा." सगळे हसले. शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. वाचलं. आवाज हलला नाही.

आईला खोटं सांगू नकोस. ग्रंथात डोंगर आहे, बुतियस नाही. झऱ्याजवळ एक दगड उभा कर. नाव आपण हाक मारायचो तसंच कोरून घे.

वर मी बरा आहे असं लिहिलं. इथे प्रत्येक पत्र तसंच सुरू करतात. ती ओळ आईला वाचून दाखव. तू ती खरी धरू नकोस.

तुझा आता एकच उरलेला भाऊ,
पिंटायस